सेल्फ फिरतोय, पण गाडी सुरू होत नाही

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी सव्वासात वाजता इंदूरहून भाचीचा फोन आला. आवाज रडवेला. ‘‘मामा, बाबांची गाडी सुरूच होत नाहीये. सेल्फ फिरतोय, पण इंजिन काही पकडत नाही. ९ वाजता माझा पेपर आहे.’’

भावोजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे गाडी ५ आठवडे पार्किंगमध्ये उभी होती. आदल्या रात्री भरपूर पाऊस झालेला. त्यात शेजारच्या काकांनी जाता जाता ऐकवलं होतं, ‘‘मुलींच्या हातात गाडी दिली की हे असंच व्हायचं.’’ खरं रडू त्याचंच होतं.

मी विचारलं, ‘‘किती वेळ बटण दाबते आहेस?’’

‘‘झाली असतील १० मिनिटं.’’

‘‘मग आधी अंगठा काढ.’’

आज तुम्हालाही पहिली सूचना हीच.

आधी अंगठा काढा

सेल्फ मारताना बॅटरीतून सगळ्यात जास्त करंट ओढला जातो. एका वेळी ५ सेकंदांपेक्षा जास्त बटण दाबू नका आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान १० सेकंद थांबा. सतत बटण दाबत राहिलात, तर एका दोषाचे तीन दोष होतात. बॅटरी उतरते, सेल्फची मोटर तापते आणि सिलिंडरमध्ये जास्तीचं पेट्रोल साठून प्लग ओला होतो.

आता थोडा विचार करू. इंजिन पेटायला तीन गोष्टी लागतात : पेट्रोल, हवा आणि योग्य वेळी पडणारी ठिणगी. त्यांच्या जोडीला सिलिंडरमधला दाब, म्हणजे कॉम्प्रेशन. सेल्फ जोरात फिरतोय, याचा अर्थ बॅटरी आणि मोटर आपलं काम करताहेत. म्हणजे उरलेल्यांपैकी काहीतरी कमी पडतंय. ते शोधायचं ते सोप्याकडून अवघडाकडे जात, याच क्रमाने.

पाना न लावता पाच मिनिटं

भाचीला मी फोनवरून एकेक गोष्ट पाहायला सांगितली. तुम्हीही हाच क्रम ठेवा.

इंजिन बंद करायचं लाल बटण : हँडलवरचं हे बटण पार्किंगमध्ये मुलं हमखास दाबतात. बऱ्याच गाड्यांत ते बंद असेल तर सेल्फही फिरत नाही, पण काही गाड्यांत सेल्फ फिरतो आणि ठिणगी मात्र पडत नाही.

साइड स्टँड : नव्या गाड्यांत स्टँडला सेन्सर असतो. स्टँड पूर्ण वर घ्या, गाडी न्यूट्रलला आणा आणि क्लच दाबून बघा. स्टँडच्या सांध्यात चिखल अडकला असेल तर स्टँड वर असूनही सेन्सरला तो खालीच वाटतो.

पेट्रोल : काट्यावर विसंबू नका. टाकीचं झाकण उघडा, गाडी हलवा आणि आवाज ऐका. आत बघायचं तर मोबाइलचा टॉर्च वापरा, लायटर किंवा काडी कधीही नाही. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचा कॉक बंद नाही ना, तेही बघा. ‘ऑन’वर चालत नसेल तर ‘रिझर्व्ह’वर करा. गारठ्यात चोक ओढायला विसरू नका.

गाडी पडली होती का? : इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत गाडी आडवी झाली की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. गाडी सरळ उभी करा, चावी बंद करा, थोडं थांबून पुन्हा चालू करा.

सायलेन्सर : त्याच्या तोंडात चिखल, चिंधी किंवा गांधीलमाशीचं घर नाही ना? धूर बाहेर जाऊ शकत नसेल तर नवी हवा आत येणार कुठून!

भाचीने सगळं पाहिलं. पेट्रोल होतं, लाल बटण बरोबर होतं, स्टँड वर होता. तोवर सेल्फचा आवाज मात्र जड व्हायला लागला होता. घड्याळात साडेसात झाले होते. मी म्हटलं, ‘‘आता गाडी सोड, रिक्षा कर. गाडी संध्याकाळीही इथेच असेल, पेपर नसेल.’’

ती थोडी हिरमुसली, पण गेली. पेपर वेळेवर दिला.

कान देऊन ऐका

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आम्ही पुन्हा बसलो. दिवसभरात ताईने ओळखीच्या दुकानातून बॅटरी चार्ज करून आणली होती. हे महत्त्वाचं होतं. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी स्वस्थ असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती १० च्या बरीच खाली जात असेल, तर मोटर कशीबशी फिरते, पण ठिणगी आणि इंजेक्शनच्या यंत्रणेला पुरेशी वीज उरत नाही. म्हणून ‘सेल्फ फिरतोय, म्हणजे बॅटरी ठणठणीत’ असं धरून चालू नका. तो नेहमीच्या वेगाने फिरतोय का, ते ऐका.

चार्ज केलेली बॅटरी लावली. सेल्फ झकास फिरला. इंजिन तरीही गप्प.

‘‘आता सेल्फ मारू नकोस. नुसती चावी फिरव आणि टाकीला कान लाव. घुर्रर्र असा आवाज येतोय?’’

‘‘नाही. काहीच नाही.’’

इथे पहिल्यांदा धागा हाती लागला. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ नियम लागू झाले आणि त्यानंतरच्या बहुतेक मोटरसायकली कार्बोरेटर सोडून इंजेक्शनवर आल्या. त्यांच्या टाकीत पेट्रोलचा विजेवर चालणारा पंप असतो. चावी चालू केली, की तो दोन-तीन सेकंद घुरघुरतो आणि थांबतो. तुमची गाडी चांगली चालत असतानाच हा आवाज एकदा लक्षात ठेवा. तो येईनासा झाला, तर पंपापर्यंत वीज पोहोचत नाही किंवा पंपच बिघडला आहे. मीटरवरचा इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवाही बघा. चावी फिरवल्यावर तो लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. मुळात लागलाच नाही किंवा ठरावीक लयीत मिचमिचत राहिला, तर मेकॅनिकला ते नक्की सांगा.

फ्यूज सांगतो ते ऐका

आवाज नसेल तर आधी फ्यूज बघा. तो बहुधा बॅटरीजवळच्या छोट्या डबीत असतो आणि डबीत जादा फ्यूजही ठेवलेला असतो. चावी बंद करून फ्यूज काढा. आतली तार तुटली असेल तर तो उडालेला आहे. जागी तेवढ्याच अँपिअरचा लावा. जास्त अँपिअरचा फ्यूज, तांब्याची तार किंवा चॉकलेटची चांदी लावायचा जुगाड अजिबात करू नका. फ्यूज वाचेल, पण वायरिंग जळेल.

भाचीने फ्यूज काढला. उडालेला होता. नवा लावून चावी फिरवली, तर तोही उडाला.

‘‘बस. आता इथेच थांबायचं,’’ मी म्हणालो. एकदा फ्यूज उडाला तर योगायोग असू शकतो. लगेच पुन्हा उडाला, तर कुठेतरी वायर शॉर्ट होते आहे. तिसरा फ्यूज लावून त्यात काही फरक पडत नाही.

प्लग काय सांगतो?

पंपाचा आवाज येत असूनही गाडी सुरू झाली नसती, तर आम्ही प्लगकडे वळलो असतो. इंजिन थंड असताना, प्लगभोवतीची माती पुसून, टूलकिटमधल्या पान्याने प्लग काढा.

तो कोरडा असेल, तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत येत नाही. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल, तर पेट्रोल येतंय पण ठिणगी नाही, किंवा पेट्रोल जास्त झालंय. प्लग पुसून, वाळवून परत बसवा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून ५ सेकंद सेल्फ मारा. काळा, काजळी धरलेला असेल, तर एअर फिल्टर तुंबलेला असू शकतो. पावसात भिजलेल्या गाडीत प्लगची रबरी टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसली, तरी कितीदा काम होतं. प्लग बाहेर ठेवून ठिणगी बघण्याचा उद्योग मात्र घरी नको. तिथे पेट्रोलची वाफ असते आणि व्होल्टेज हजारोंचं.

गाडी बराच काळ उभी असेल, तर पेट्रोलचाही संशय घ्या. आजकालच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. झाकणातून पावसाचं पाणी शिरलं, तर इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि पंप नेमका तिथूनच ओढतो.

आणखी एक. गाडी पुराच्या पाण्यात बुडाली असेल, तर सेल्फ मारूच नका. पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये असेल तर इंजिनाचा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

धक्का मारू का?

हा प्रश्न नेहमी येतो. सेल्फ जोरात फिरत असेल, तर धक्का मारून नवीन काही होत नाही. इंजिन दोन्ही वेळा फिरतंच. बॅटरी कमजोर असेल तेव्हाच धक्क्याचा उपयोग, आणि इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पूर्ण संपली असेल तर तोही बहुधा नाही. नुसतीच मोटर फिरते आहे, इंजिनाचा नेहमीचा धकधक आवाज नाही, असं वाटलं तर मोटर आणि इंजिन जोडणारा क्लच गेलेला असू शकतो. मग किक असेल तर ती मारून बघा.

मेकॅनिकला काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी भाचीने घरी आलेल्या मेकॅनिकला सांगितलं, ‘‘गाडी ५ आठवडे उभी होती. बॅटरी चार्ज केली आहे. पंपाचा आवाज येत नाही. फ्यूज बदलला, तो लगेच उडाला.’’

तो सरळ सीटखालच्या वायरिंगकडे गेला. पंपाची वायर उंदराने कुरतडली होती आणि उघडी तार चासीला टेकत होती. अर्ध्या तासात काम झालं. नुसतं ‘गाडी सुरू होत नाही’ म्हटलं असतं, तर तोही प्लगपासून सुरुवात करत बसला असता.

जाताना त्याने विचारलं, ‘‘हे सगळं कुणी बघितलं?’’

भावोजी व्हरांड्यात पाय लांब करून बसले होते. म्हणाले, ‘‘माझ्या मुलीने.’’ जरा मोठ्यानेच म्हणाले. शेजारचे काका तेव्हा झाडांना पाणी घालत होते.

हल्ली भाची दर ४-५ दिवसांनी गाडी सुरू करून एक चक्कर मारून येते. चावी फिरवल्यावर आधी क्षणभर थांबते, घुरघुर ऐकते आणि मगच बटण दाबते. तुम्हीही ही सवय लावून घ्या.