पहिल्या उड्डाणाआधीचे मोजमाप

भिलाईच्या उत्तरेला, नंदिनीच्या चुनखडीच्या खाणींजवळ, ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीच्या मालकीची एक धावपट्टी आहे. नियमित प्रवासी सेवेच्या नकाशावर ती अजून आलेली नाही. पण ‘सेल’च्याच राउरकेल्याच्या धावपट्टीवरून 7 जानेवारी 2023 पासून प्रवासी विमाने उडू लागली. छत्तीसगडमध्येही रायपूरच्या माना विमानतळाला जगदलपूरची जोड मिळाली, मार्च 2021 मध्ये बिलासपूरची आणि ऑक्टोबर 2024 मध्ये अंबिकापूरच्या उद्घाटनाने आणखी एकाची. दुर्ग-भिलाईसारख्या औद्योगिक जोडशहराची पाळी कधीतरी येईल, असे धरून चालायला हरकत नाही. तोवर नंदिनीच्या धावपट्टीभोवतीच्या गावांसाठी आपल्या व्यवसायाने काय करून ठेवायचे, हा या महिन्याचा विषय. विमानतळ अभियंते, नगररचनाकार आणि ध्वनिमापन करणारे सल्लागार या तिघांनाही तो लागू आहे.

आधी नियम पाहू. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जून 2018 मध्ये विमानतळांसाठी ध्वनिमानके अधिसूचित केली. वर्षाला 50,000 हून जास्त उड्डाणे-अवतरणे होणाऱ्या गजबजलेल्या विमानतळांभोवती दिवसा सरासरी 70 डेसिबल आणि रात्री 65. बाकीच्यांसाठी 65 आणि 60. वर्षाला 15,000 पेक्षा कमी हालचाली असलेले विमानतळ मात्र या मानकांच्या बाहेर ठेवले आहेत. 15,000 म्हणजे दिवसाला सुमारे 41. वीस विमाने आली आणि वीस गेली तरी आकडा त्याच्या आतच राहतो. लहान शहरांतल्या बहुतेक नव्या विमानतळांची सुरुवात याहून कितीतरी कमी उड्डाणांनी होते. त्यामुळे विमानतळ लहान असतो, भोवतालची जमीन मोकळी असते आणि काहीतरी करणे शक्य असते, नेमक्या त्या वर्षांत या मानकांची सक्ती नसते. सक्ती लागू होते तोवर घरे उभी राहिलेली असतात.

मानक ओलांडले नाही म्हणजे त्रास नाही, असेही नव्हे. आपल्या सरासरीचे गणितच तसे आहे. एका विमानाच्या जाण्याची एकूण ध्वनिऊर्जा, म्हणजे एसईएल, एखाद्या गावात 95 डेसिबल धरा. सोळा तासांच्या दिवसात असे एकच विमान गेले तर सरासरी 47 च्या आसपास येते, दहा गेली तर 57, शंभर गेली तर 67. म्हणजे दहा विमानांनी दहा वेळा शाळेतला तास थांबवला तरी कागदावर 65 ची मर्यादा आरामात पाळली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत विमानांच्या आवाजासाठी दिवस-संध्याकाळ-रात्रीची भारित सरासरी 45 डेसिबलच्या खाली आणि रात्रीची 40 च्या खाली ठेवण्याची शिफारस आहे. मोजण्याची पद्धत वेगळी असल्याने हे आकडे आपल्या आकड्यांशी थेट ताडून पाहता येणार नाहीत. तरी अंतर किती आहे याचा अंदाज येतो.

आणि हा प्रश्न नुसत्या चिडचिडीचा नाही. म्युनिकचा जुना विमानतळ मे 1992 मध्ये बंद होऊन शहराबाहेर नवा सुरू झाला, तेव्हा संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या मुलांची स्थलांतरापूर्वी आणि नंतर तपासणी केली. नव्या विमानतळाजवळच्या मुलांची दीर्घकालीन स्मरणशक्ती आणि वाचन मागे पडले. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचे सुधारले. विमानतळ सुरू होण्याआधीची नोंद हातात होती म्हणूनच हा निष्कर्ष काढता आला.

आपल्याकडे उशीर झाल्याचे उदाहरण शोधायला मुंबईपलीकडे जावे लागत नाही. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिथे 8 डिसेंबर 2018 रोजी चोवीस तासांत 1,007 उड्डाणे-अवतरणे झाली. कुर्ला, घाटकोपर, विलेपार्ले इथे राहणाऱ्यांसाठी आता जे काही करता येईल ते खिडक्यांच्या काचा, उतरणीचा कोन आणि रात्रीचे वेळापत्रक एवढ्यातच करता येईल. पुण्यात लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे आणि 2018 ची मानके लढाऊ विमानांना लागू नाहीत. तरीही विमाननगरपासून खराडीपर्यंत शहर तिच्याभोवती वाढतच गेले. नवी मुंबईत 25 डिसेंबर 2025 पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. शेजारच्या उलव्याचे निवासी मनोरे मात्र त्याआधीच उभे होते.

या तिन्ही ठिकाणी एका गोष्टीची तपासणी मात्र आधीच होते, ती म्हणजे इमारतीची उंची. विमानतळाभोवतीचे रंगीत क्षेत्र-नकाशे नगररचना कार्यालयांत असतात आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा उंच बांधकामाची फाइल उंचीच्या ना-हरकत दाखल्याशिवाय पुढे सरकत नाही. ध्वनीसाठी असा नकाशा त्या टेबलावर सहसा नसतो. विमानाला इमारतीपासून वाचवायची व्यवस्था आपण उत्तम लावली आहे. इमारतीत राहणाऱ्याला विमानापासून वाचवायची व्यवस्था त्याच फाइलमध्ये एका जादा पानाने लागू शकते. नॉइज कॉन्टूर, म्हणजे समान आवाजाच्या ठिकाणांना जोडणाऱ्या रेषा, काढायचे, विकास आराखड्यावर ते चढवायचे, आणि आतल्या पट्ट्यात शाळा, रुग्णालये, निवासी भूखंड टाळून गोदामे, कारखाने, शेती ठेवायची. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 2001 मध्ये स्वीकारलेल्या समतोल दृष्टिकोनाचे चार भाग आहेत: मुळातच कमी आवाजाची विमाने, जमीनवापराचे नियोजन, उड्डाण-अवतरणाच्या सौम्य पद्धती आणि उड्डाणांवरचे निर्बंध. पहिला भाग विमान बनवणाऱ्यांच्या हाती आहे. तिसरा वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांच्या हाती आहे. चौथा महागडा आणि वादाचा आहे. फ्रँकफर्टला रात्री 11 ते पहाटे 5 ची उड्डाणबंदी 2011 मध्ये आली तीही न्यायालयाच्या वाटेने. दुसरा तेवढा नगररचनाकाराच्या हातातला आहे, आणि घरे बांधली जाण्याआधी तो केला तर सर्वांत स्वस्तही आहे.

दुर्ग-भिलाईचे काही स्थानिक पेच आहेत, ते कुठल्याही तयार सॉफ्टवेअरमध्ये आपोआप उतरणार नाहीत. पहिला पेच पाळ्यांचा. मानकात दिवस सकाळी 6 ला सुरू होतो आणि रात्री 10 ला संपतो. भिलाईचा पोलाद कारखाना चोवीस तास तीन पाळ्यांत चालतो. रात्रपाळी करून आलेल्या कामगाराची रात्र सकाळी सुरू होते. त्याच्या झोपेला नियमात कोणतेही संरक्षण नाही, म्हणून कामगार वसाहतींचा विचार वेगळा करावा लागेल. दुसरा पेच खाणींचा. जिथे खाणीतले सुरुंग आणि अवजड वाहने यांचा आवाज आधीच आहे, तिथे विमानाचा आवाज वेगळा काढता यावा यासाठी आधीची पार्श्वभूमी नोंदवलेली हवी. तिसरा पेच पर्यावरणाचा पर्यावरणाशीच आहे. नंदिनीच्या बंद खाणींच्या जमिनीवर जंगल लावले गेले आहे, पाणी साठलेल्या खड्ड्यांवर पक्षी येतात. ही चांगलीच गोष्ट आहे, पण धावपट्टीजवळचे पक्षी हा सुरक्षेचा प्रश्न होतो. पक्ष्यांची मोसमवार नोंद आधीपासून असेल तर उड्डाणांच्या वेळा त्यांच्याभोवती बेतता येतात. नसेल तर पाणथळ जागा बुजवण्याचा सोपा मार्ग सुचतो.

चौथा पेच धानाच्या शेतांचा, आणि तो सर्वांत रंजक आहे. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाची एक धावपट्टी 2003 मध्ये सुरू झाली तेव्हा उड्डाण घेणाऱ्या विमानांचा जमिनीलगतचा घुमणारा आवाज आसपासच्या वस्तीत पोचू लागला. शरदात शेते नांगरली की तो कमी होतो, हे लोकांच्याच लक्षात आले. त्या निरीक्षणावरून तिथे मातीच्या समांतर वरंब्यांचे उद्यान आखले गेले आणि ते 2013 मध्ये खुले झाले. आपल्याकडे पावसाळ्यात धानाची खाचरे पाण्याने भरलेली असतात, आणि पाण्याचा सपाट पृष्ठभाग आवाज परतवतो. कापणीनंतरची कडक जमीनही फारशी शोषत नाही. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगत थंड हवेचा थर असला की आवाज खाली वळतो आणि दूरवर जातो. एप्रिलमध्ये चार दिवस मीटर लावून काढलेला सरासरी आकडा अशा मुलखात फसवा ठरेल. निदान भातलावणीनंतर एकदा आणि डिसेंबर-जानेवारीत एकदा मोजायलाच हवे.

विमानतळांच्या पर्यावरण अहवालांत सौर पॅनेल, एलईडी दिवे, पाण्याचा पुनर्वापर यांना मोठी जागा मिळते. कोचीचा विमानतळ 2015 मध्ये पूर्णपणे सौरऊर्जेवर चालू लागला, त्याचे कौतुक रास्तच आहे. पण ही सारी कामे कुंपणाच्या आतली आहेत. त्यांची बचत विमानतळाच्या बिलात दिसते. आवाजाचे बिल कुंपणाबाहेर फाडले जाते, म्हणून ते अहवालात शेवटच्या पानावर जाते. कुंपणाबाहेरचा माणूस समाधानी आहे का, हा प्रश्न पहिल्या पानावर यायला हवा.

म्हणून नंदिनीसारख्या प्रत्येक धावपट्टीसाठी आमचे सांगणे असे: सेवा सुरू होण्याआधी दोन मोसमांची ध्वनीची पार्श्वनोंद घ्या, तीत सरासरीबरोबर प्रत्येक विमानाचा एसईएल आणि उड्डाणांची संख्याही ठेवा. आज नव्हे तर वीस वर्षांनंतर अपेक्षित असलेल्या उड्डाणांवरून कॉन्टूर काढा आणि ते उंचीच्या नकाशाशेजारी नगररचना कार्यालयात लावा. इंजिन-चाचणीची जागा गावापासून दूर ठरवा आणि उभ्या विमानाला जमिनीवरून वीज द्या, म्हणजे त्याचे सहायक इंजिन चालू ठेवावे लागणार नाही. तक्रार नोंदवण्याचा क्रमांक गावाच्या भाषेत, नंदिनीत म्हणजे हिंदी-छत्तीसगढीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर असू द्या, आणि उत्तर द्यायला विमानतळावर नेमलेला माणूस ठेवा.

वर्षाला 15,000 हालचालींच्या आतल्या विमानतळांवर 2018 च्या मानकांनुसार यातले काहीही करण्याची सक्ती आज नाही. ज्यांनी सक्तीशिवाय असे मोजमाप केले असेल, त्यांनी पद्धत आणि आकडे आमच्याकडे पाठवावेत, ते गैरसोयीचे असले तरी. आम्ही ते छापू, कारण पुढच्या धावपट्टीचा आराखडा करणाऱ्या नगररचनाकाराला युरोपातल्या उदाहरणांपेक्षा आपल्याच मातीतले दहा आकडे जास्त उपयोगी पडतील.