वनस्पतिशास्त्रज्ञाचे मोजमाप

एखाद्या शास्त्रज्ञाच्या शोधनिबंधांचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला, यावरून त्याच्या कार्याची थोरवी ठरविण्याची प्रथा आपल्या विद्यापीठांत आता दृढ झाली आहे. अध्यापकांची बढतीही गुणांच्या कोष्टकाला बांधली गेली आहे. मोजणी मुळीच नको, असे अर्थशास्त्राच्या अध्यापकाने म्हणणे शोभणार नाही. परंतु मोजणीतून काय निसटते, याची चौकशी त्याने तरी केली पाहिजे. पुण्याचे डॉ. वा. द. वर्तक यांचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे.

वर्तक हे महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ. मालवणचे सुपुत्र शंकर पुरुषोत्तम आघारकर कलकत्ता विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर १९४६ मध्ये या संस्थेचे पहिले संचालक झाले. १९९२ पासून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. रानोमाळ हिंडावे, नमुने गोळा करावेत, ते वाळवून, ओळखून जतन करावेत, ही तेथील शिस्त. गोवा मुक्त झाल्यावर पाच वर्षांच्या आत, १९६६ साली, वर्तकांची गोमंतकातील वनस्पतींची जंत्री प्रसिद्ध झाली. असे ग्रंथ कोणी आवडीने वाचीत नाही. पण पुढच्या अभ्यासकाचे पाऊल त्यांच्याशिवाय पडत नाही.

त्यांच्या आयुष्यातील महत्त्वाचे वळण मात्र एका पत्राने आले. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावच्या लोकांनी त्यांना कळविले की, आमची देवराई तोडीसाठी आखली गेली आहे, ती वाचविण्यास साहाय्य करा. वर्तकांना नवल वाटले. भोवतालचे डोंगर उघडेबोडके झालेले असताना हे लोक एका राईसाठी एवढे का तळमळतात? जाऊन पाहिल्यावर उत्तर मिळाले. गावाचा ओढा त्या राईतून येत होता. लाकडाचा भाव खात्याने केला होता. पाण्याचा हिशेब गावाने केला होता. पाठ्यपुस्तकात आम्ही ‘बाह्य परिणाम’ म्हणून जे एक प्रकरण शिकवितो, ते गाणीच्या वृद्धांना पुस्तकावाचून कळले होते, हे कबूल करताना मला संकोच वाटत नाही.

हार्वर्डहून १९७१ मध्ये परतलेले माधव गाडगीळ या कामात वर्तकांबरोबर आले. दोघांनी पश्चिम महाराष्ट्रातील देवराया पायी पालथ्या घातल्या. १९७५ आणि १९७६ मध्ये त्यांचे लेख प्रसिद्ध झाले, १९८१ मध्ये महाराष्ट्रातील देवरायांची यादी आली, आणि ज्याला तोपर्यंत भाबडी श्रद्धा म्हणून हसण्यावारी नेले जात होते, तो देशोदेशींच्या अभ्यासाचा विषय झाला. आज देवरायांवर लिहिणारा कोणीही त्या लेखांना टाळून पुढे जात नाही. येथे उल्लेखांची मोजणी वर्तकांच्या बाजूनेच कौल देईल. पण गावकऱ्यांच्या पत्राला उत्तर देण्यासाठी प्रवास करणारा माणूस त्या आकड्यात कोठे दिसेल?

हा प्रश्न पिंपळवंडीत बसून विचारण्याचे कारण आहे. आमच्या उसाला आणि कांद्याला मिळणारे कुकडीचे पाणी पश्चिमेकडे, कुकडेश्वराच्या डोंगरांत उगम पावते. त्याच पट्ट्यात दुर्गावाडीची, आणि आंबेगावच्या बाजूस आहुप्याची देवराई आहे. तेथील महादेव कोळी कुटुंबांनी वेचलेल्या हिरड्याला निदान बाजारभाव तरी आहे. राईला तोही नाही. देवाला वाढत्या भक्तीचा मान म्हणून सिमेंटचा सभामंडप आणि मोटारी उभ्या करण्यासाठी सपाट जागा हवी असते, आणि ती जागा राईतूनच निघते. भक्ती वाढते आणि देवाचे रान आटते, असा हा विचित्र व्यवहार आहे.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी नोंदवह्या ठेवणे बंधनकारक केले. हरित लवादाने मुदत घातल्यावर वह्या भरण्याची धांदलही उडाली. परंतु जुन्या यादीतील राई आज जागेवर आहे की नाही, हे पाहण्यास पायांनीच जावे लागते. जुन्नर-आंबेगावातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांना हे काम अशक्य नाही. अडचण एवढीच की, मराठीत लिहून ग्रामपंचायतीत ठेवलेल्या नोंदीला अध्यापकाच्या कोष्टकात रकाना नाही. विद्यापीठाने तो निर्माण करावा. जूनमध्ये नवी तुकडी येईल. तिच्या हाती १९८१ ची यादी द्यावी, आणि पाऊस लागण्यापूर्वी कुकडेश्वराची एसटी धरावी.