नदीनं बळी घेतला म्हणे

आमच्या उजनीकाठी माणूस बुडाला की तासाभरात एक वाक्य तयार असतं : नदीनं बळी घेतला. म्हातारी माणसं म्हणतात, शिकलेलीही म्हणतात. मला या वाक्याचा राग आहे. भीमेनं आजवर कुणाला हाक मारून नेलेलं नाही. होडीत माणसं किती बसवली, वारं सुटलेलं दिसत असताना दोर कुणी सोडला, अंगात जॅकेट का नव्हतं, हे विचारायचं टळावं म्हणून हे वाक्य आहे. त्यात सगळ्यांची सोय होते. मालकाची, साहेबाची आणि बसणाऱ्याचीही.

मी सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवर काम करतो. इथं चहूकडं टॉवेल-चादरीचे लूम. त्यांचे शाफ्ट, बुश, गिअर यांवर माझं पोट. पण मूळ गाव करमाळा तालुक्यातलं, धरणात गेलेलं. 1980 साली उजनी पूर्ण झालं आणि जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. समोर दिव्यांसकट दिसणारं इंदापूर तालुक्यातलं गाव रस्त्यानं लांबच्या फेऱ्याचं झालं. सोयरीक तिकडं, बाजार तिकडं, कुणाचा दवाखाना तिकडं. होडी आमच्याकडं हौसेनं आली नाही, एसटी नाही म्हणून आली. त्यामुळं ‘होड्याच बंद करा’ म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. कुगाव-शिरसोडी पूल मंजूर आहे, होईल तेव्हा होईल. तोवर लोकांनी काय उडत जायचं?

माझ्या थोरल्या बहिणीच्या पोरानं कर्ज काढून इंजिनाची होडी घेतली. घराण्यातली पहिलीच. शाफ्ट करून घ्यायला तो माझ्याकडं आला. "मामा, स्टेनलेसचा करा, पंखा मोठा बसवायचाय." बोलणं सगळं हॉर्सपॉवरचं, डिझेलचं आणि हप्त्याचं. मी विचारलं, "किती जण बसवणार?" तर म्हणाला, "बसतील की दहा-बारा. दोन मोटारसायकली पण."

बसतील की! नवा मालक हिशेब हप्त्यावरून मांडतो, पाण्यावरून नाही. होडी भरल्यावर तिचा काठ पाण्याच्या वर किती उरतो, हा पहिला प्रश्न असायला हवा. वीतभर उरत असेल, तर एक लाट आत यायला वारं किती लागतं? आणि आत आलेलं पाणी गप्प बसत नाही. होडी जिकडं कलली तिकडं ते सगळं धावतं आणि तिला आणखी कलवतं. घाबरून माणसंही उठून एका अंगाला होतात. मोटारसायकल उभी ठेवली की वजन वर चढतं, मग पालथी व्हायला फार काही लागत नाही. हे त्याला होडी विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. इंजिन मधेच बंद पडलं तर आडवी होडी लाटेला सापडते, म्हणून वल्ही सोबत हवीतच, हेही नाही. मे महिन्यात पाणी उतरलं की बुडालेल्या गावांच्या भिंती वर येतात, पळसदेवचं जुनं देऊळ दिसायला लागतं. लोक फोटो काढतात. पण जे वर दिसत नाही, वीतभर खाली असतं, त्यावर पंखा आपटतो. चिलापीची जाळी पंख्यात गुंतते ती वेगळीच.

जुन्या नावाड्यांना हे कुणी वर्गात शिकवलं नव्हतं. पण वल्ह्यानं त्यांना शिकवलं. वारं वाढलं की दंडाला कळायचं, दम लागायचा, माणूस निम्म्यातून परत फिरायचा. पोरगं बापाच्या मागं वर्षानुवर्षं बसल्याशिवाय त्याच्या हातात होडी येत नव्हती. इंजिनाला दम लागत नाही. ते वाऱ्यातही तसंच धडधडत राहतं आणि चालवणाऱ्याला वाटतं, आपलं चाललंय. आज विकत घ्यायची, उद्या माणसं बसवायची. मधली सगळी वर्षं इंजिनानं खाऊन टाकली, त्यांच्या जागी कुणी काही ठेवलं नाही.

21 मे 2024 ला संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एकजण पोहून काठाला लागला, सहा गेले. त्यात दोन लहान लेकरं होती. यावर आमच्याकडं काय बोलले? "बघा, पोहणारा वाचला." अहो, सातांतला एक वाचला हा पोहण्याचा पुरावा कसा? आणि तान्ह्या लेकरानं कुठं पोहायला शिकायचं? वळवाच्या दिवसांत दुपार कलली की वारं सुटतं हे काठावरच्या शेरडं राखणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे.

कायदा नाही असंही नाही. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जलयानांचा कायदा आला. इंजिनाच्या होडीची नोंदणी, तपासणीचा दाखला, चालवणाऱ्याचा दाखला, जीव वाचवायची साधनं, विमा, सगळं त्यात आहे. राज्यात हे काम मेरीटाइम बोर्डाकडं, त्याचं मुख्य कार्यालय मुंबईत. माझा भाचा तालुक्याला एका कार्यालयात विचारायला गेला. त्यांनी दुसरीकडं धाडलं, तिथून तिसरीकडं. चौथ्या दिवशी त्यानं नाद सोडला. नियम पाळायला निघालेल्याचे चार दिवस बुडाले, न पाळणारे रोज फेऱ्या मारत होते.

आमच्याच एमआयडीसीत 18 मे 2025 च्या पहाटे टॉवेलच्या कारखान्याला आग लागली, आठ जीव गेले. त्या दिवशी आमच्या चहाच्या टपरीवर कुणी ‘अग्नीनं बळी घेतला’ म्हणालं नाही. दरवाजे किती होते, बंब कधी आला, पाणी पुरलं का, हेच विचारत होते सगळे. बरोबरच आहे. मग पाण्यालाच देव करून प्रश्न का गिळायचे?

इंग्लंडातही एके काळी जहाजं ठासून भरून पाठवत. बुडालं तर विमा मिळे, आणि खलाशी समुद्रानं नेले म्हणत. सॅम्युअल प्लिमसॉल नावाचा खासदार याविरुद्ध भांडत राहिला आणि 1876 च्या कायद्यानं जहाजाच्या अंगावर खूण रंगवणं आलं. पुढं तीच खूण भाराची हद्द ठरली : ती बुडाली की माल जास्त झाला. धक्क्यावरच्या अडाणी हमालालाही ती वाचता येते.

तेवढंच मी आमच्या काठावर मागतो. होडीच्या दोन्ही अंगांना एक पट्टा आणि माणसांचा आकडा, लांबून दिसेल एवढा. म्हणजे बसणाऱ्यालाही मोजता येईल, काठावरची बाई "आता नको, खाली उतर" म्हणू शकेल. भाच्याची होडी आम्ही काठाला बांधून, गोणी भरभरून तोलून पाहिली. काठ हातभर वर राहीपर्यंत सहा माणसांचं वजन झालं. जॅकेटं सहाच घेतली. पट्टा पिवळा मारला, आकडा तांबडा, अर्धा लिटर ऑइलपेंटमध्ये भागलं. बहीण म्हणाली, सहात हप्ता फिटायचा नाही. खरं आहे, फिटत नाही. म्हणून त्यानं भाडं वाढवलं, आणि शेजारचा होडीवाला जुन्याच भाड्यात बारा नेतो.