चौदा फोटॉनांची किंमत

अमेरिकेच्या ‘नासा’ या अंतराळ संस्थेने २०२४ च्या मार्चमध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पात ‘चंद्रा’ या क्ष-किरण दुर्बिणीविषयी एक प्रस्ताव होता. या दुर्बिणीवर २०२३ मध्ये ६ कोटी ८३ लाख डॉलर खर्च झाले होते. ही तरतूद २०२५ साठी ४ कोटी ११ लाखांवर आणि २०२६ साठी २ कोटी ६६ लाखांवर आणावी व तिचे काम क्रमाक्रमाने आवरते घ्यावे, असे त्यात सुचविले होते. दुर्बीण जुनी झाली असून तिच्या यंत्रणांचे तापमान मर्यादेत राखण्यासाठी सतत देखरेख करावी लागते, असे कारण देण्यात आले. खगोलशास्त्रज्ञांनी प्रखर विरोध केला आणि दुर्बीण तेव्हा बंद पडली नाही. परंतु ज्या हिशेबातून हा प्रस्ताव निघाला, तो हिशेब आजही अनेक सरकारांच्या मनात घर करून आहे; म्हणून तो तपासणे अगत्याचे आहे.

ही दुर्बीण जे अनेक विषय हाताळते, त्यांत अतिदूरच्या क्वासारांचे निरीक्षण हा सर्वांत खर्चिक म्हणता येईल असा विषय होय. क्वासार म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या गाभ्यातील प्रचंड कृष्णविवराभोवती वायू कोसळत असताना निर्माण होणारा झगझगाट. मार्टिन श्मिट यांनी १९६३ मध्ये ‘३सी २७३’ या वस्तूच्या वर्णपटाचा अर्थ लावला, तेव्हा या वस्तू किती दूर आहेत याची पहिली कल्पना आली. क्वासाराचे क्ष-किरण कृष्णविवराच्या अगदी निकटच्या भागातून येतात. त्यामुळे कृष्णविवर किती वेगाने वायू गिळत आहे, याचा तो जवळजवळ प्रत्यक्ष पुरावा ठरतो. पण पृथ्वीचे वातावरण हे किरण अडवते, म्हणून दुर्बीण अवकाशातच न्यावी लागते. शिवाय अतिदूरच्या क्वासारांकडून येणारे किरण अत्यंत विरळ असतात. विश्व अवघे ६९ कोटी वर्षांचे असतानाच्या एका क्वासारावर ‘चंद्रा’ने साडेबारा तास दृष्टी रोखली, तेव्हा हाती लागलेल्या फोटॉनांची संख्या होती सुमारे चौदा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले हे निरीक्षण त्या काळच्या विक्रमी अंतराचे होते.

या चौदा फोटॉनांसाठी एवढा आटापिटा कशासाठी, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर चक्रवाढ व्याजाच्या साध्या गणितात आहे. या क्वासारातील कृष्णविवराचे वस्तुमान सुमारे ८० कोटी सूर्यांइतके आहे. कृष्णविवर वायू गिळते तेव्हा बाहेर पडणारा प्रकाशच येणाऱ्या वायूला मागे रेटतो; त्यामुळे त्याच्या वाढीच्या दराला एक मर्यादा येते. या मर्यादेत वस्तुमान दुप्पट होण्यास साधारणपणे तीन ते साडेतीन कोटी वर्षे लागतात. मृत ताऱ्यापासून उरलेले, शंभर सूर्यांचे कृष्णविवर हे मुद्दल धरले, तर ८० कोटींपर्यंत पोहोचण्यास सुमारे तेवीस वेळा दुप्पट व्हावे लागेल. म्हणजे ६९ ते ८० कोटी वर्षे एका क्षणाचीही उसंत न घेता. तारे जन्मून मरण्यास लागणारा अवधी वजा केला, तर हे गणित जुळतच नाही. तेव्हा एकतर मुद्दल मोठे असले पाहिजे, किंवा व्याजाचा दर मर्यादेपलीकडचा असला पाहिजे.

यांपैकी पहिल्या पर्यायाच्या बाजूने २०२३ मध्ये एक भक्कम साक्ष मिळाली. ‘एबेल २७४४’ या दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वाकर्षणाने मागचा प्रकाश भिंगासारखा वाढविला जातो. त्या भिंगातून ‘जेम्स वेब’ दुर्बिणीने ‘यूएचझेड १’ ही दीर्घिका पाहिली, आणि ‘चंद्रा’ने दोन आठवड्यांहून अधिक काळ निरीक्षण करून तिच्यातील क्ष-किरण टिपले. तेव्हा विश्व अवघे ४७ कोटी वर्षांचे होते. तेथील कृष्णविवराचे वस्तुमान एक ते दहा कोटी सूर्यांइतके असावे आणि ते त्या दीर्घिकेतील सर्व ताऱ्यांच्या एकत्रित वस्तुमानाच्या तोडीचे आहे. आपल्या परिसरातील दीर्घिकांत हे प्रमाण हजारात एक असे असते. वायूचा प्रचंड ढग तारे न बनविता थेट कोसळून असे कृष्णविवर जन्मत असावे, हे भाकीत येल विद्यापीठातील भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञ प्रियंवदा नटराजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच केले होते. दुसरा पर्याय मात्र निकालात निघालेला नाही. युरोपच्या ‘एक्सएमएम-न्यूटन’ या दुर्बिणीने अतिदूरच्या अठरा क्वासारांची पाहणी हाती घेतली. त्यांच्या क्ष-किरणांचे स्वरूप जवळच्या क्वासारांहून निराळे असल्याचे तिच्या पहिल्या निष्कर्षांत दिसले. म्हणजे खटला अजून सुनावणीतच आहे.

आता हिशेबाकडे वळू. ‘चंद्रा’वर पूर्वी प्रचंड पैसा ओतला, म्हणून ती चालू ठेवावी, हा युक्तिवाद अर्थशास्त्राला मान्य होणार नाही. बुडीत खर्च हे पुढील खर्चाचे समर्थन नव्हे. प्रश्न असतो तो यापुढच्या प्रत्येक डॉलरचा लाभ किती, हा. आणि येथेच प्रस्तावकर्त्यांची गफलत होती. यंत्र जुने झाले की त्याचा लाभ घटतो, असे त्यांनी गृहीत धरले. परंतु २०२१ च्या डिसेंबरमध्ये ‘जेम्स वेब’ दुर्बीण अवकाशात गेली आणि तिने अतिदूरच्या दीर्घिकांची यादीच हाती दिली. चहा स्वस्त झाला की साखरेची मागणी वाढते. या दोन दुर्बिणी तशाच परस्परपूरक आहेत. ‘चंद्रा’चे वय वाढले, तरी तिच्या एकेका तासाचे मोल त्यामुळे वाढले आहे.

दुसरी गोष्ट पर्यायाची. ‘चंद्रा’ची कल्पना रिकार्डो जियाकोनी आणि हार्वे टॅननबॉम यांनी १९७६ मध्ये मांडली, दुर्बीण अवकाशात गेली १९९९ च्या जुलैमध्ये. तेवीस वर्षे! युरोपची ‘न्यू-अथेना’ ही पुढची मोठी क्ष-किरण दुर्बीण २०३७ च्या सुमारास जाईल, अशी योजना आहे. मधली पोकळी किती नाजूक असते, हे ‘ई-रोझिटा’च्या उदाहरणाने दाखविले. रशियन यानावरील ही जर्मन दुर्बीण उत्तम काम करीत असताना युक्रेन युद्धामुळे २०२२ च्या फेब्रुवारीत थांबविण्यात आली. बंद पडलेली गिरणी मागणी वाढताच पुन्हा सुरू करता येते. पण पांगलेले शास्त्रज्ञ व तंत्रज्ञ पुढील वर्षीच्या तरतुदीने परत येत नाहीत.

चंद्रशेखर यांचे नाव या दुर्बिणीला आहे, एवढाच भारताचा तिच्याशी संबंध मानून स्वस्थ राहणे योग्य होणार नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडविलेली क्ष-किरण उपकरणे घेऊन ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ २०१५ मध्ये अवकाशात गेला आणि पाच वर्षांचे नियोजित आयुष्य संपल्यावरही काम करीत राहिला. अशा यंत्रांच्या वाढत्या वयाचा हिशेब आपल्यालाही मांडावा लागणार आहे. हजार कोटी वर्षांहून अधिक प्रवास करून आलेल्या किरणांची नोंद बारा महिन्यांच्या खतावणीत मावत नाही. वैज्ञानिक यंत्रे कायमची चालू ठेवावीत, असा याचा अर्थ नव्हे. ती केव्हा थांबवावीत, हे त्यांच्या वयावरून न ठरविता, त्यांच्याकडून अजून काय मिळू शकते आणि ते दुसरीकडून मिळण्याची सोय आहे काय, यावरून ठरविले पाहिजे. या दोन्ही कसोट्या लावल्या असत्या, तर २०२४ चा प्रस्ताव कागदावर उतरलाच नसता.