थेंब टाकण्याआधी

नेत्र-ओपीडीत नव्या रुग्णाचा क्रम ठरलेला असतो. केसपेपर, तक्त्यावरची अक्षरं, चष्म्याचा नंबर, डोळ्याचा दाब, मग बाहुली मोठी करणारे थेंब आणि बाकावर डोळे मिटून अर्धा तास. डॉक्टरांसमोर बसेपर्यंत बाहुली पूर्ण फाकलेली असते आणि फंडस लख्ख दिसतो. गर्दीत याने वेळ वाचतो, हे खरं. पण ज्याच्या रेटिनाची नीला बंद पडली आहे, त्या रुग्णाच्या तपासणीतला सर्वांत मोलाचा भाग आपण या रीतीपायी डॉक्टरांची नजर पडण्याआधीच गमावतो.

रेटिनाच्या रक्तवाहिन्यांच्या आजारांत डायबेटिक रेटिनोपॅथीच्या खालोखाल व्हेन ऑक्लुजन येतं. शाखेची नीला बहुधा रोहिणी तिला ओलांडते त्या ठिकाणी अडते. तिथे दोघींचं बाह्य आवरण एकच असतं आणि वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने कडक झालेली रोहिणी नीलेला दाबते. मध्यवर्ती नीला डोळ्यातून बाहेर पडताना, लॅमिना क्रिब्रोसाच्या आसपास अडते. फंडसभर पसरलेलं रक्त आणि फुगलेल्या, वळणावळणाच्या शिरा पाहिल्या की निदानाला वेळ लागत नाही. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. या रेटिनाला रक्त कितपत पोचतंय? मध्यवर्ती नीलेच्या बाबतीत डोळ्याचं भवितव्य या एका उत्तरावर ठरतं. रक्तपुरवठा तुटलेल्या डोळ्यात आयरिसवर आणि कोनात नव्या रक्तवाहिन्या उगवतात, कोन बंद होतो आणि वेदनेने तळमळणारा, प्रकाशही न कळणारा डोळा हाती उरतो. जुन्या पिढीने या काचबिंदूला ‘शंभर दिवसांचा’ म्हटलं, कारण तो बहुधा पहिल्या काही महिन्यांत गाठतो.

उत्तर शोधायला आपण अँजिओग्राफीकडे धावतो. पण सुरुवातीच्या आठवड्यांत रेटिनावर इतकं रक्त असतं, की त्याखालच्या केशवाहिन्या चालू आहेत की बंद, हे पुष्कळदा दिसतच नाही. पंजाबात जन्मलेल्या आणि आयोवा विद्यापीठात दीर्घकाळ या विषयावर काम केलेल्या डॉ. सोहनसिंग हयरे यांनी हे दशकानुदशकं मांडलं. सुरुवातीच्या काळात डोळ्याच्या कार्याच्या चाचण्या, म्हणजे बाहुलीची प्रतिक्रिया, ईआरजी, दृष्टिक्षेत्र आणि दृष्टी, इस्केमिक डोळा ओळखायला चित्रांपेक्षा भरवशाच्या ठरतात, हा त्यांचा आग्रह. ईआरजी तालुक्याच्या गावी कुठून येणार? टॉर्च मात्र प्रत्येकाच्या खिशात असतो. अंधाऱ्या खोलीत दोन्ही बाहुल्यांवर आळीपाळीने प्रकाश टाकायचा आणि आजारी डोळ्यावर प्रकाश येताच बाहुली आकसण्याऐवजी फाकते का, हे पाहायचं. ठळक आरएपीडी असेल तर तो डोळा इस्केमिक धरूनच पुढचं ठरवावं. दुसरा डोळाही अधू असेल किंवा पायलोकार्पिन चालू असेल तर या चाचणीवर विसंबता येत नाही. एरवी मोतीबिंदूमुळे फंडस दिसत नसला तरी ती बोलते. फक्त थेंब पडले, की त्या दिवसापुरती संपते.

आयरिसचंही तेच. बाहुलीच्या कडेला उगवलेली केसाएवढी रक्तवाहिनी बाहुली फाकली की आकसलेल्या आयरिसमध्ये दडते. काही डोळ्यांत तर नव्या वाहिन्या कडेला न दिसता आधी कोनातच उगवतात, म्हणून गोनिओस्कोपी. ती आपल्याकडे काचबिंदूच्या रुग्णांसाठी राखून ठेवल्यासारखी झाली आहे. मध्यवर्ती नीला बंद पडलेल्या डोळ्यात पहिले सहा महिने दर भेटीला, थेंबांआधी, स्लिट लॅम्पवर मोठं मॅग्निफिकेशन लावून बाहुलीची कड आणि मग कोन पाहायलाच हवा. सुरुवातीला ‘नॉन-इस्केमिक’ लिहिलेल्या डोळ्यालाही यातून सूट नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या सेंट्रल व्हेन ऑक्लुजन स्टडीच्या निष्कर्षांत, आरंभी रक्तपुरवठा ठीक असलेल्या डोळ्यांपैकी ३४ टक्के डोळे तीन वर्षांत इस्केमिक झाले होते आणि १५ टक्के तर पहिल्या चारच महिन्यांत.

आता इंजेक्शनांबद्दल. २०१० च्या ब्राव्हो आणि क्रूझ अभ्यासांनंतर मॅक्युलाच्या सुजेवर अँटी-व्हीईजीएफ हा पहिला उपाय झाला. ज्या रुग्णांना पूर्वी आपण ‘बघू या’ म्हणून परत पाठवत होतो, ते आज वाचू लागतात. हे फार मोठं देणं आहे. मात्र त्याबरोबर आपली नजर ओसीटीवर खिळली. सूज उतरली, आलेख सपाट झाला, की रुग्णही खूष आणि आपणही. इंजेक्शनाने नीला उघडत नाही. इस्केमिक डोळ्यांवरच्या रेव्ह अभ्यासात इंजेक्शनं चालू असेपर्यंत नव्या रक्तवाहिन्या दबून राहिल्या आणि ती थांबल्यावर काही डोळ्यांत उगवल्याच. धोक्याची तारीख पुढे सरकली, इतकंच. म्हणजे आता शंभर दिवस मोजून निर्धास्त होता येत नाही. शेवटच्या इंजेक्शनानंतरचे महिने तितक्याच काळजीने पाहावे लागतात आणि नेमके त्याच वेळी रुग्ण यायचे थांबतात. दिसायला लागलं, कापणीचे दिवस आले, एसटीचं भाडं आणि सोबतीला येणाऱ्या मुलाचा बुडणारा रोज. त्यांना दोष कसा द्यावा?

याच कारणासाठी लेझरचा निर्णय आपण आपल्या परिस्थितीत घ्यावा. सेंट्रल व्हेन ऑक्लुजन स्टडीच्या १९९५ च्या अहवालात, इस्केमिक डोळ्यांना आगाऊ पॅनरेटिनल लेझर दिल्यावर २० टक्क्यांत, तर न देता ३५ टक्क्यांत आयरिसवर किंवा कोनात नव्या वाहिन्या आल्या. फरक निर्णायक नव्हता, म्हणून सल्ला असा, की नव्या वाहिन्या दिसताच तातडीने लेझर करा, तोवर वारंवार तपासा. ‘वारंवार तपासा’ ही अट शहरात जवळच राहणाऱ्या रुग्णाला लागू पडते. दीडशे किलोमीटरवरून येणाऱ्या, पुढच्या महिन्याचं सांगता न येणाऱ्या रुग्णाचा इस्केमिक डोळा वाट पाहत ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. वारंवार तपासणी शक्य नसेल तर आगाऊ लेझरची वाट त्या अभ्यासानेही मोकळी ठेवली आहे.

रक्तदाब मोजल्याशिवाय व्हेन ऑक्लुजनचा रुग्ण ओपीडीतून जाऊ नये. पुष्कळांना आपला रक्तदाब वाढलेला आहे हे नेत्रतज्ज्ञाच्या खुर्चीतच पहिल्यांदा कळतं. शर्करा, लिपिड आणि डोळ्यांचा दाब हेही आलंच, दाब दोन्ही डोळ्यांचा. रुग्ण तरुण असेल तर होमोसिस्टिन आणि रक्त गोठण्याच्या चाचण्यांसाठी फिजिशियनशी बोलावं.

बदल करायचा तो छोटा आहे. अचानक एका डोळ्याची दृष्टी कमी झाल्याची तक्रार असेल, किंवा केसपेपरवर व्हेन ऑक्लुजन लिहिलेलं असेल, तर डॉक्टरांनी ‘पाहिलं’ अशी सही केल्याशिवाय थेंब टाकायचे नाहीत, एवढं ऑप्टोमेट्रिस्ट आणि सिस्टरना सांगून ठेवावं. केसपेपरवर आरएपीडी, बाहुलीची कड आणि कोन यांची नोंद दर भेटीला हवी. कोरी जागा म्हणजे ‘नॉर्मल’ नव्हे. आणि इंजेक्शन देऊन पाठवताना रुग्णाला, सोबतच्या माणसालाही, साध्या मराठीत सांगावं, जमल्यास कागदावर लिहूनही द्यावं: ‘सूज उतरली तरी शीर अजून बंदच आहे. बरं वाटलं तरी तारखेला या. डोळा लाल झाला, दुखायला लागला, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी या.’