अंगावरून वारं जात नाही, हातातून वेळ जातो!

"अंगावरून वारं गेलं" हे शब्द आपल्याकडे घरोघरी ऐकू येतात. पुस्तकी शब्द घ्यावा तर 'अर्धांगवायू', म्हणजे त्यातही वाराच! माझा या शब्दांवर राग आहे. वारं म्हटलं की ते आलं तसं निघूनही जाईल असं वाटतं. मग तेल चोळणं, शेकणं, कबुतराचं रक्त लावणं आणि अमुक गावचं औषध आणायला माणूस धाडणं सुरू होतं.

बिघाड हातापायांत नसतो, मेंदूत असतो. बहुतेक रुग्णांत मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, उरलेल्यांत ती फुटते. मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला मेंदूच्या सरासरी १९ लाख पेशी मरतात. हाताला तेल चोळून डोक्यातली गुठळी कशी विरघळणार?

"पण डॉक्टर, आमचे शेजारी त्या औषधानेच बरे झाले!" पक्षाघातानंतर पहिल्या काही आठवड्यांत मेंदूची सूज उतरते, शाबूत भाग थोडं काम उचलतो आणि अनेक रुग्ण काही प्रमाणात आपोआप सुधारतात. श्रेय मात्र औषधाला जातं. तेच औषध घेऊन जे अंथरुणाला खिळले, त्यांची गोष्ट तुम्हाला कोण सांगतं?

छातीत दुखलं की मध्यरात्रीही गाडी निघते. पक्षाघातात बहुधा काही दुखत नाही, म्हणून "झोपू दे, सकाळी बघू" म्हणतात. हीच रात्र सर्वात महाग पडते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. मोठ्या वाहिनीतली गुठळी कॅथेटरने काढता येते. तीही शक्यतो सहा तासांत, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत. त्याआधी सीटी स्कॅन लागतोच, कारण रक्तस्राव असेल तर हेच इंजेक्शन जिवावर बेतेल.

ही लक्षणं पाठ करा. सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे 'अचानक':

- हसायला सांगितलं तर तोंड एका बाजूला वाकडं होणं
- दोन्ही हात वर धरायला सांगितले तर एक खाली घसरणं
- बोलणं बोबडं होणं, शब्द न सुचणं किंवा समोरच्याचं न समजणं
- एकदम दिसेनासं होणं, तोल जाणं, पूर्वी कधीही नव्हती अशी भयंकर डोकेदुखी

यातलं एकही पुरेसं आहे. १०८ ला फोन करा. रुग्ण शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लक्षात ठेवा, आम्ही पहिला प्रश्न तोच विचारतो. पाणी, चहा, काहीही पाजू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. आपल्या मनाने ॲस्पिरिन देऊ नका, जिभेखाली बीपीची गोळीही ठेवू नका.

आणि लक्षणं दहा मिनिटांत गेली तर? घरच्यांना वाटतं, संकट टळलं. खरं तर ती धोक्याची घंटा असते. त्यानंतरच्या दोन दिवसांत मोठ्या झटक्याचा धोका सर्वाधिक असतो. त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठा.

आता झटका येऊच नये म्हणून. "मला काही त्रास नाही, मग बीपीची गोळी कशाला? सवय लागेल." चष्म्याची सवय लागते म्हणून कोणी आंधळेपणाने रस्ता ओलांडत नाही! वाढलेला रक्तदाब बहुधा गप्पच असतो आणि पक्षाघाताचं सर्वांत मोठं कारण तोच आहे. गोळी परस्पर बंद करू नका. दिवसभराचं मीठ एका छोट्या चमच्याच्या, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत ठेवा. लोणचं-पापडातलंही त्यात धरा. तंबाखू सोडा. मिशरी हीसुद्धा तंबाखूच आहे. साखर ताब्यात ठेवा, दारू टाळा, आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चाला. नाडी अनियमित लागत असेल तर ईसीजी करून घ्या.

शेवटी एकच काम सांगतो, आजच करा. २४ तास सीटी स्कॅन आणि गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन मिळतं असं तुमच्या घराजवळचं रुग्णालय कोणतं, हे फोन करून विचारा आणि नाव-नंबर भिंतीवर लिहून ठेवा. ती शोधाशोध झटका आल्यावर करायची नसते.