कौल आजारी होते, हा गुन्हा नव्हे

१९६२मध्ये चीनकडून झालेल्या पराभवाचा विषय निघाला की लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांचे आजारपण हमखास टिंगलीला येते. लढाई तोंडावर असताना सेनापतीने दुखण्याचे सोंग घेऊन दिल्ली गाठली, असा त्या टिंगलीचा मथितार्थ. कौल यांचे वकीलपत्र घ्यावे असे त्यांच्या कारकिर्दीत फारसे काही नाही. पण हा आरोप चुकीचा आहे, आणि त्याच्या आडून खरा आरोप निसटून जातो.

४ ऑक्टोबरला त्यांनी नव्या चौथ्या कोअरची सूत्रे घेतली आणि लगेच तेजपूरच्या सपाटीवरून चीनच्या सीमेवरचे, उंचावरील नामका चू नदीचे खोरे गाठले. वय पन्नास. विरळ हवेची सवय व्हायला एक दिवसही दिला नाही. चढावर त्यांना हमालाच्या पाठीवरून न्यावे लागले, याचे लोकांना अजून हसू येते. घाईने उंचावर नेलेल्या धडधाकट माणसाच्याही फुप्फुसांत पाणी साचू शकते, हे आज लष्कराचा कोणताही डॉक्टर सांगेल. सुती गणवेशात वर धाडलेले जवानही छातीच्या दुखण्याने आडवे होत होतेच. त्यांना कोणी सोंगाडे म्हटले नाही.

मग दोष कुठे? १८ ऑक्टोबरला कौल विमानाने दिल्लीला आले, घरी अंथरुणावर पडले आणि कोअरची सूत्रे स्वतःकडेच ठेवून तिथून हुकूम सोडत राहिले. दोन दिवसांनी, २० तारखेला, चिनी हल्ला झाला आणि ब्रिगेडियर दळवींची सातवी ब्रिगेड धुळीस मिळाली. आजारी माणसाने मोर्चा सोडावा, जरूर सोडावा. पण अधिकार तिथेच दुसऱ्याच्या हाती देऊन सोडावा. दुसऱ्या महायुद्धात, १९४२च्या सप्टेंबरमध्ये, जर्मन सेनापती रोमेल आफ्रिकेतून उपचारांसाठी गेला, तो श्टुम्मेकडे सूत्रे सोपवून. त्याला कोणी पळपुटा म्हणत नाही.

यावर कोणी म्हणेल, कौल तेजपुरात असते तरी नामका चू पडलेच असते. मान्य. ती जागा लढवण्याजोगी नव्हतीच. दळवी माघारीची परवानगी मागून थकले होते. पण माघारीसाठी वरिष्ठांशी भांडायचे ज्याचे काम, तोच शेकडो मैल दूर खाटेवर होता आणि त्याच्या जागी कोणी नव्हते. हरबक्ष सिंग यांना कोअर मिळाली ती हल्ल्यानंतर. त्यांचे बस्तान बसते न बसते तोच, पाचेक दिवसांत, कौल परत आले आणि कोअर पुन्हा त्यांच्याकडे गेली. से-ला आणि बोमडिला पडले तेव्हा तेच प्रमुख होते. हे करू देणारे सरसेनापती थापर आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन टिंगलीतून सहीसलामत सुटतात, हे मला अधिक खटकते.

लोकांना कौल यांचे दुखणे खरे वाटत नाही, यात एक वाटा सरकारचाही आहे. नोव्हेंबरमध्ये पराभवाची जबाबदारी घेऊन थापर यांनी राजीनामा पुढे केला. देशाला मात्र सांगण्यात आले की सरसेनापती प्रकृतीच्या कारणास्तव दीर्घ रजेवर जात आहेत.